जुना कॅमेरा आणि सुप्याचे पाणी

परवा शिकवणी संपल्यावर एका विद्यार्थ्याने माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहून विचारले, "गुरुजी, अजून हाच कॅमेरा? आता हा म्युझियमला द्या की!" मुलगा गुणी आहे, गळ्याचा हलका आहे आणि मनात येईल ते तोंडावर बोलणारा आहे. मी हसून वेळ मारून नेली. पण वाटेत लक्षात आले की त्याला उत्तर द्यायचे राहूनच गेले. ते उत्तर त्याच्या एकट्यापुरते नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात असा एखादा जुना कॅमेरा पडून असेल. म्हणून ते आज येथे देतो.

माझ्याजवळ आहे तो निकॉन डी ९०. हे यंत्र २००८ साली निघाले. मी ते त्यानंतर काही वर्षांनी एका हौशी गृहस्थाकडून वापरलेले घेतले. त्याच्या चित्रात सव्वा कोटीच्या आसपास ठिपके असतात. आजच्या साध्या फोनवरही याच्या चौपट आकडा छापलेला दिसतो. अंधार पडू लागला की माझ्या कॅमेऱ्याच्या चित्रात वाळू पसरल्यासारखे कण दिसू लागतात. मोठी नवी कार्डे तो ओळखत नाही; बत्तीस जीबीपर्यंतचे जुने कार्ड शोधून आणावे लागते. हाताच्या घामाने त्याच्या मुठीचे रबर एका बाजूने सुटले होते, ते मी चिकटवून घेतले आहे. हे सारे दोष मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी आंधळ्या प्रेमाने बोलतो आहे असा कोणाचा समज व्हायला नको.

पण 'जुना' हा शब्दही जरा तपासून घ्यावा. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने फिल्मशिवाय चित्र घेणारा पहिला कॅमेरा जुळवला, तेव्हा त्यात अवघे दहा हजार ठिपके होते आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला तेवीस सेकंद लागत. १९९१ मध्ये त्याच कोडॅकने निकॉनच्या फिल्मच्या कॅमेऱ्याला जोडून व्यवसायासाठी पहिला डिजिटल एसएलआर विकायला काढला. त्यात तेरा लाख ठिपके होते आणि चित्रे साठवायची पेटी खांद्यावर वेगळी वागवावी लागे. त्या चित्रांनी वर्तमानपत्रांची पाने सजली. तेव्हा सव्वा कोटी म्हणजे दारिद्र्य नव्हे. बारा इंच लांब, आठ इंच रुंद असा सुरेख छाप माझ्या कॅमेऱ्यातून आजही निघतो, आणि घराच्या भिंतीला त्याहून मोठे क्वचितच काही लागते.

या जातीच्या कॅमेऱ्याचे पोट मला फार आवडते. भिंगातून आलेला प्रकाश तिरप्या आरशावर पडतो, तेथून वर लोलकात जातो आणि तेथून डोळ्याला मिळतो. आपण पाहतो तो खरा प्रकाश असतो, पडद्यावरची नक्कल नसते. कळ दाबली की आरसा 'खट्'दिशी वर उडतो, मागचा पडदा उघडतो, मिटतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. या एवढ्या वेळात डोळ्यासमोर काळोख असतो. म्हणजे ज्या क्षणाचे चित्र निघते, नेमका तोच क्षण काढणाऱ्याला दिसत नाही! गाण्यातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. सम ऐकू आल्यावर कोणी समेवर येत नाही. ती आधीच मनात असावी लागते. हा कॅमेरा तेच शिकवतो. २०२० नंतर निकॉनने आणि कॅननने असा नवा आरशाचा कॅमेरा काढला नाही. त्यांचे सारे लक्ष आता बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे गेले आहे. तेव्हा माझा विद्यार्थी म्युझियमचे म्हणाला, ते अगदीच खोटे नव्हे.

मात्र मला जे सांगायचे आहे ते यंत्राच्या पोटातले नाही. ते मला सुप्याला उमगले.

माझ्या एका शिष्येचे आजोळ रामनगरचे. लोंढ्याच्या पलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातले हे गाव. गेल्या हिवाळ्यात त्या कुटुंबाबरोबर मीही गेलो. बेळगाव, खानापूर, लोंढा असा रस्ता. पुढे रान दाट होत जाते आणि पाट्यांवर कानडी, बोलण्यात कोंकणी आणि घराघरांत मराठी अशी ती सरमिसळ सुरू होते. सीमाभागातल्या माणसाला ती परकी वाटत नाही.

रामनगरहून आम्ही गणेशगुडीला गेलो. काळी नदीवरचे सुप्याचे धरण तेथेच आहे. शंभर मीटरहून थोडे अधिक उंच, तीनशे बत्तीस मीटर लांब. पायथ्याशी वीजघर, आणि मागे डोंगरांच्या बेचक्यांत शिरलेले अफाट पाणी. भोवतीचे रान आता काळी व्याघ्र प्रकल्पात मोडते. धरण बांधताना लागणारी स्फोटके ज्या कोठारात ठेवीत, त्या जागी आज पक्षी पाहणाऱ्यांची वर्दळ असते. पाण्याची उथळ कुंडे मांडून ठेवलेली आहेत. त्यांवर रानातले पक्षी पाणी प्यायला आणि अंघोळीला उतरतात. जेथे सुरुंगाची दारू होती तेथे माणसे श्वास रोखून बसलेली असतात, हा बदल पाहून बरे वाटले.

त्या कुंडांसमोर मीही माझा कॅमेरा घेऊन बसलो. शेजारी सात-आठ जण होते. त्यांची भिंगे आमच्या तंबोऱ्याच्या भोपळ्याएवढी! नवे कॅमेरे आवाजही करीत नाहीत. पक्ष्याचा डोळा आपोआप ओळखतात आणि सेकंदाला वीस-वीस चित्रे घेतात. तांबड्या गळ्याचा पिवळा बुलबुल उतरला. गोव्याने आपला राज्यपक्षी म्हणून मानलेला तो हाच. माझ्या कॅमेऱ्याचा आरसा 'खट्' वाजला आणि शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे असे पाहिले, की मैफलीत भलत्या ठिकाणी टाळी देणाऱ्याकडे आपण पाहतो तसे. मी शरमलो. माझ्या कॅमेऱ्याचा हा दोष खरा आहे, आणि ज्यांचे पोट छायाचित्रांवर चालते त्यांनी नवे यंत्र अवश्य घ्यावे. कामाचे हत्यार धारदारच असावे.

थोड्या वेळाने झुडपाआड शामा गाऊ लागला. ज्यांनी तो ऐकला नसेल त्यांना काय सांगावे! छोट्या छोट्या जागा, मध्ये विसावा, मग तीच जागा थोडी वळवून पुन्हा. कोणा अनुभवी गवयाने एकांतात आपल्यापुरते गुणगुणावे तसे ते गाणे. तो समोर दिसत नव्हता, म्हणून सगळे कॅमेरे गप्प होते आणि बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या माना आपापल्या कॅमेऱ्यांच्या पडद्यांत खाली गेल्या होत्या. मघाची शेकडो चित्रे चाळणे चालले होते. मी कोणाला नावे ठेवीत नाही. माझ्या कॅमेऱ्यात चाळण्यासारखी चित्रेच थोडी होती, म्हणून मला शामा ऐकायला मिळाला, इतकेच.

दुपारी मुलीचे आजोबा मला पाण्याकडे घेऊन गेले. वय ऐंशीच्या पुढे, पण काठी न घेता चालणारे. पाण्याच्या कडेला, बऱ्याच उंचावर, आम्ही उभे राहिलो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी हात लांब करून पाण्यातली एक जागा दाखवली. "मास्तर, तिथं आमचं सुपा."

मला एवढेच ठाऊक होते की सुपा हे धरणाचे नाव. सुपा हे गाव होते, नुसते गावही नव्हे तर तालुक्याचे ठाणे होते, काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले होते, हे मी तेथे उभा राहून शिकलो. धरण १९८७ मध्ये पुरे झाले. त्याआधीच माणसे उठली. पुष्कळांना रामनगरला वसवले, तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली. गावाचे नाव तेवढे धरणाला चिकटून राहिले. आजोबा सांगत होते: बाजार कोठे भरे, देऊळ कोणत्या अंगाला, पावसात नदी कोणत्या पायरीपर्यंत येई. प्रत्येक वेळी बोट वेगळ्या ठिकाणी जाई आणि माझ्या डोळ्याला तेथे तेच पाणी दिसे, हिरवट, गुळगुळीत, चेहरा नसलेले.

मग त्यांनी माझ्या कॅमेऱ्याकडे पाहून विचारले, "ह्यात कायतरी दिसेल काय हो खालचं?"

प्रश्न भाबडा नव्हता. त्यांना उत्तर माहीत होते. मी कॅमेरा डोळ्याला लावला, त्यांच्या बोटाच्या दिशेने धरला आणि कळ दाबली. आरसा खट् वाजला. चित्रात पाणी आले.

संध्याकाळी रामनगरच्या घरी मी विचारले, जुन्या गावाचा एखादा फोटो आहे काय? भिंतीवरची एक तसबीर खाली काढण्यात आली. आजोबांच्या लग्नानंतर शहरातल्या एका स्टुडिओत काढलेला फोटो तो. दोघे खुर्च्यांवर बसलेली, अंगावर ठेवणीतले कपडे आणि मागे रंगवलेला पडदा. त्या पडद्यावर संगमरवरी जिना, कुंड्या आणि कोठल्याशा बागेतले कारंजे. सुप्याचा एक दगड, एक पायरी, एक कौल त्यात नव्हते. आयुष्यात एकदा कॅमेऱ्यासमोर बसण्याचा योग आला आणि कॅमेऱ्याने काय टिपले? कधी कोणी पाहिले नाही असे कारंजे! "गावाचा फोटो कोण काढतो मास्तर? गाव होतंच की," आजोबा म्हणाले.

"गाव होतंच की." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. जे आहे ते असणारच, असे आपण धरून चालतो. आणि चांगले यंत्र, चांगला मुहूर्त, चांगले कपडे यांची वाट पाहत राहतो.

गाण्याच्या क्षेत्रात हेच घडले आहे, आणि तेही आपल्या दाराशी. अल्लादियाँ खाँसाहेब राजर्षी शाहू छत्रपतींच्या दरबारचे गवई. या कोल्हापुरात त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे काढली. १९४६ मध्ये ते गेले. ध्वनिमुद्रणाची कला तोवर आपल्याकडे चाळीस वर्षांहून अधिक काळ रुळली होती; तरी खाँसाहेबांच्या आवाजाची एकही तबकडी निघाली नाही. त्यांचे गाणे आज आपण केसरबाई, मोगूबाई यांच्या गाण्यावरून ताडतो, जसे आजोबांच्या बोटावरून मी सुपा ताडत होतो. उलट शेजारच्या मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, पण त्यांच्या तबकड्या आहेत. तीन-साडेतीन मिनिटांची ती चिमूटभर गाणी. सुईची खरखर, आवाजाचा निम्मा भरदारपणा यंत्रानेच खाल्लेला. तरीसुद्धा तो स्वर आज ऐकताना डोळे भरून येतात. यंत्र निकृष्ट होते म्हणून त्यांनी गायचे नाकारले असते तर? वाईट यंत्रात सापडलेला सच्चा सूर, चांगल्या यंत्राची वाट पाहताना हरवलेल्या सुराहून लाख मोलाचा, हे यावरून कळावे.

घरचीच गोष्ट सांगायची तर, माझे तीर्थरूप संस्थानच्या अखेरच्या दिवसांत, ऐन विशीत, दरबारात गाण्याला बसत. १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाले आणि ती नोकरी गेली. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबारची बैठक मी ऐकली ती गोष्टीतच. तिचे एकही छायाचित्र आमच्या घरी नाही. पण त्यांच्या अखेरच्या वर्षांत हा कॅमेरा माझ्याकडे आला होता. एका सकाळी ते खिडकीशी तंबोरा जुळवत बसले होते. खोलीत उजेड कमी, अंगात जुनी बंडी, मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे. मी कळ दाबली. खट् आवाजाने ते वैतागले आणि म्हणाले, "अरे, निदान सदरा तरी घालू द्यायचास!" मी म्हणालो, दिवाळीला नीट काढू. ती दिवाळी त्यांना लाभली नाही. त्या चित्रात कण आहेत, खुंटीवरचा हात किंचित हललेला आहे, पण कान तंबोऱ्याला लावून डोळे मिटलेला तो चेहरा, त्यांचाच. त्याहून चांगल्या यंत्राने काढलेले त्याहून चांगले चित्र या जगात नाही, कारण ते कोणी काढलेच नाही.

यावर कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, चित्रांना तोटा कोठे? तोटा चित्रांना नाही, तो लक्षाला आहे. फोनवर आपण वाढदिवसाचा केक काढतो, मिसळीची थाळी काढतो, आणि आपलाच चेहरा हजार वेळा काढतो. ते सारे त्या पेटीत साचते आणि फोन बिघडला की जाते. स्टुडिओतला तो रंगवलेला पडदाच आता खिशात आला आहे, दुसरे काय? कॅमेरा मुद्दाम पिशवीत घालून घराबाहेर पडणे हा एक संकल्प असतो. आज मी काहीतरी पाहणार आहे, असा. ज्याच्याकडे फोनच आहे त्याने त्याच संकल्पाने फोन काढावा, माझी तक्रार नाही. पण कपाटात धड चालणारा कॅमेरा असताना 'आता नवा घेतल्यावर बघू' म्हणून जो थांबला आहे, त्याला मी सांगेन, थांबू नकोस. नव्या तंबोऱ्याची वाट पाहत रियाझ बंद ठेवणारा विद्यार्थी मी कधी गवई झालेला पाहिला नाही.

आपल्या शहराला तर हे सांगायलाच नको. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभारणारे हे गाव. बाबुराव पेंटरांनी काय परदेशी कॅमेऱ्याची वाट पाहिली? नात्यातले बंधू आनंदराव १९१६ मध्ये वारले तरी दोघांनी आरंभलेले काम त्यांनी सोडले नाही; कॅमेरा येथेच घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' लोकांपुढे आणला. त्या गावातल्या आपण 'माझा कॅमेरा जुना झाला' म्हणून हात बांधून बसावे, हे शोभत नाही.

आणि काढायचे काय, हा प्रश्न आपल्याला पडूच नये. आपले सुपाही रोज थोडे थोडे बुडते आहे. पेठेतला एक वाडा उतरवला की तेथे चार मजल्यांची इमारत उभी राहते, आणि वर्षभरात शेजाऱ्यालाही आठवत नाही की दिंडी कोणत्या बाजूला होती. माजघरातले कोनाडे, न्हाणीघराचा दगड, परसातला आड, जिन्याच्या कठड्याला हात लागून लागून आलेली झिलई, आजीचा फोडणीचा हात, सराफाच्या पेढीवरची लाकडी गल्ल्याची पेटी. यांचे चित्र कोणाकडे आहे? लग्नाचे अल्बम पाच आहेत, घराचे चित्र एकही नाही, अशी घरे मी पाहिली आहेत. आणि २०१९ च्या व २०२१ च्या पंचगंगेच्या पुरात कित्येकांचे ते अल्बमही भिजून एकमेकांना चिकटले. पाणी आपल्यालाही काही दूर नाही.

यंत्राविषयी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. आपल्या पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅमेरा ठेवावा आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरावा. वापर हेच त्याचे खरे औषध. चामड्याच्या पिशवीत तर ठेवूच नये, चामडे ओल धरते. बॅटरी थकली असेल तर नवी मिळते; तिच्यासाठी सारा कॅमेरा टाकू नये. चित्रे कार्डावर ठेवून निजू नये, दोन ठिकाणी उतरवावीत, त्यातले एक ठिकाण दुसऱ्या गावी असलेले बरे. आणि वर्षाकाठी निदान वीस चित्रे कागदावर छापून घेऊन मागे शिसपेन्सिलीने लिहावे: कोण, कोठे, केव्हा. नाव नसलेला चेहरा तीन पिढ्यांत परका होतो.

असो. सुप्याच्या त्या पाण्याचा मी छाप काढून घेतला. खरे तर त्यात पाहण्यासारखे काही नाही: पाणी, पलीकडे डोंगर, आणि कडेला चुकून आलेला आजोबांचा लांब केलेला हात. आधी वाटले, हात कापून टाकावा. मग तसाच ठेवला. रामनगरला पाठवला. काही दिवसांनी मुलीने सांगितले, आजोबांनी शाईचे पेन मागून घेतले आणि त्या पाण्यावर बारीक अक्षरांत लिहून काढले: बाजार, देऊळ, कचेरी, संगमाच्या पायऱ्या, आमचे घर.

माझ्या विद्यार्थ्याला मी आता उत्तर देईन. म्युझियमला द्यायला माझी ना नाही, बाबा. पण आधी तुझ्या आजीचा वाडा काढून होऊ दे. रविवारी सकाळी येतो. उजेड चांगला असतो तेव्हा. आणि नसला तरी येतो.